थंडीआधी गॅस फर्नेसची देखभाल: घरी काय करावं, तंत्रज्ञावर काय सोपवावं

गॅस फर्नेस म्हणजे गॅस जाळून घर गरम करणारं यंत्र. खोलीचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटनं उष्णता मागितली म्हणून फर्नेस लगेच गॅस सोडत नाही. आधी धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा, म्हणजे इंड्यूसर, फिरू लागतो. तो खरंच हवा ओढतोय ना, हे प्रेशर स्विच तपासतो. मग इग्नायटर तापून लालभडक होतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतात. ज्योत लागल्याची खात्री फ्लेम सेन्सरनं काही सेकंदांत दिली नाही, तर व्हॉल्व्ह बंद होतो. ज्योत टिकली, तर साधारण अर्ध्या मिनिटानं मोठा ब्लोअर सुरू होतो आणि खोल्यांत गरम हवा येते. हा क्रम लक्षात ठेवा. फर्नेस कुठल्या पायरीवर अडली हे कळलं की बिघाड निम्मा सापडला, आणि बऱ्याचदा त्यामागे धूळ, मळ किंवा तुंबलेलं पाणीच असतं.

सुरुवात फिल्टरपासून करावी. 1 इंच जाडीचा फिल्टर 1 ते 3 महिन्यांनी बदलावा लागतो. घरात कुत्रा-मांजर असेल तर दर महिन्याला काढून बघावा. चौकटीवरचा बाण ब्लोअरच्या दिशेनं हवा. फिल्टर तुंबला की हीट एक्स्चेंजरवरून (आतून गरम धूर आणि बाहेरून घराची हवा जाते तो धातूचा भाग) जाणारी हवा कमी पडते, धातू प्रमाणाबाहेर तापतो आणि लिमिट स्विच बर्नर विझवतो. थोडं निवल्यावर ते पुन्हा पेटतात. फर्नेस सारखी चालू-बंद होतेय आणि घर काही तापत नाही, असं झालं तर आधी फिल्टर बघावा. हे महिनोन्‌महिने चालू दिलं, तर सततच्या प्रसरण-आकुंचनानं हीट एक्स्चेंजरला तडे जाऊ शकतात. खूप बारीक गाळणारा फिल्टर नेहमीच चांगला असतो, हाही गैरसमज आहे. पातळ फिल्टरचं मर्व्ह रेटिंग, म्हणजे तो किती बारीक कण पकडतो याचा आकडा, फार वाढवलं की हवा अडते. माहितीपुस्तिकेतल्या आकड्याच्या पुढे जाऊ नये.

आतली साफसफाई करण्याआधी फर्नेसचा विजेचा स्विच आणि ब्रेकर दोन्ही बंद करावेत. गॅसच्या कॉकची दांडी पाइपला आडवी म्हणजे कॉक बंद. यंत्र पूर्ण थंड झाल्यावरच झाकण काढावं. ब्लोअरच्या कप्प्यातली आणि बर्नरभोवतीची धूळ व्हॅक्यूमनं, मऊ ब्रश लावून काढावी. तारा ओढू नयेत. एखादी काढावीच लागली, तर आधी फोटो काढून ठेवावा.

आता फ्लेम सेन्सर. बर्नरच्या ज्योतीत शिरलेली पातळ धातूची काडी आणि तिच्या बुडाशी पांढरं सिरॅमिक, इतकाच हा भाग. ज्योतीतून वीज वाहते आणि ती एका दिशेनं जास्त सहज वाहते; सर्किट बोर्ड हाच एकतर्फी प्रवाह मोजतो. तो जेमतेम काही मायक्रोअँपिअर असतो. काडीवर ऑक्साइड आणि सिलिकाचा पातळ थर चढला की एवढासा प्रवाहही अडतो. मग बर्नर व्यवस्थित पेटतात, पण बोर्डाला ज्योत ‘दिसत’ नाही आणि तो गॅस तोडतो. पेटणं, चार-पाच सेकंदांत विझणं, असं काही वेळा होऊन फर्नेस स्वतःला कुलूप लावून घेते. उपाय सोपा आहे: एकच स्क्रू काढावा, काडी सिरॅमिकला धरून बाहेर घ्यावी, बारीक स्टील वूलनं हलकेच घासावी आणि कोरड्या कपड्यानं पुसून परत बसवावी. सँडपेपर वापरू नये. त्याचे कण काडीवर चिकटतात आणि ओरखड्यांत मळ लवकर बसतो. शेजारच्या इग्नायटरला मात्र बोट लावू नये. सिलिकॉन कार्बाइडचा इग्नायटर फार ठिसूळ असतो, आणि त्वचेचं तेल लागलेल्या जागी तो लवकर फुटू शकतो.

जास्त कार्यक्षमतेच्या कंडेन्सिंग फर्नेसमध्ये पाण्याचं एक वेगळंच प्रकरण असतं. 1 किलो मिथेन पूर्ण जळला की 2.25 किलो पाणी तयार होतं. साध्या फर्नेसमध्ये ते वाफ होऊन धुरासोबत निघून जातं. कंडेन्सिंग फर्नेस त्या वाफेतली उष्णताही काढून घेते, त्यामुळे बरंचसं पाणी आतच थेंबथेंब जमतं, आणि ते आम्लयुक्त असतं. त्याच्या निचऱ्याची नळी आणि ट्रॅप (नळीतला पाणी धरून ठेवणारा भाग) हंगामाच्या सुरुवातीला धुऊन घ्यावेत, आणि परत बसवताना ट्रॅपमध्ये पाणी भरावं. ट्रॅप तुंबला की पाणी मागे चढतं, प्रेशर स्विच जुळत नाही आणि इंड्यूसर नुसता फिरत राहतो. बाहेरच्या भिंतीतून निघणाऱ्या हवेच्या आणि धुराच्या पाइपांत पाला, घरटं किंवा साचलेला बर्फ असेल, तरी हेच होतं.

गॅसचा दाब, बर्नरची छिद्रं आणि ज्वलनाची तपासणी घरी करायची नाही. नैसर्गिक वायूसाठी बर्नरकडे जाणारा दाब साधारण 3.5 इंच पाणीस्तंभ (तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब), प्रोपेनसाठी 10 ते 11 इंच असतो. तो दाब मोजणाऱ्या मॅनोमीटरशिवाय लावता येत नाही. वर्षातून एकदा तंत्रज्ञाला बोलावून धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजून घ्यावा, हीट एक्स्चेंजर आतून बघायला सांगावा, आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक नामफलकावरच्या मर्यादेत आहे का, ते विचारावं.

कुठलाही सेफ्टी स्विच तारेनं जोडून फर्नेस चालवू नये. दाराचा स्विच टेपनं दाबून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. रोलआउट स्विच पडला म्हणजे ज्वाळा बर्नरच्या कप्प्याबाहेर आल्या. तो परत दाबून विषय मिटत नाही, तंत्रज्ञच लागतो. गॅसचा वास आला तर एकही बटण न दाबता सगळ्यांनी घराबाहेर पडावं आणि फोन बाहेर गेल्यावरच करावा.

सगळं परत बसवून फर्नेस सुरू केल्यावर बघण्याच्या काचेतून ज्योत पाहावी. ती निळी आणि स्थिर हवी. ज्योत पिवळी, लोळणारी असेल, किंवा ब्लोअर सुरू होताच ती डगमगू लागली, तर फर्नेस तिथेच बंद करावी. ब्लोअरबरोबर डगमगणारी ज्योत ही हीट एक्स्चेंजरला तडा गेल्याची शक्यता दाखवते, आणि अशा तड्यामुळे ज्वलन बिघडून कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतं. म्हणून प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म हवाच. त्याच्या पाठीवर छापलेली मुदत उलटली असेल, तर टेस्ट बटण दाबल्यावर तो वाजला तरी बदलावा. बहुतेक अलार्ममध्ये ते बटण बॅटरी, सर्किट आणि भोंगा तपासतं, सेन्सरला वायू कळतो की नाही ते नाही.