चौपट पावसाचं तहानलेलं बेट

जळगाव जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. प्रशांत महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या देशाची राजधानी फुनाफुटी. तिथे पडतो तीन हजार मिलिमीटरहून जास्त, म्हणजे आपल्या चौपट. तरीही २०११ साली तुवालूच्या सरकारला पाण्यापायी आणीबाणी जाहीर करावी लागली. काही महिने पावसाने ओढ दिली आणि टाक्यांनी तळ गाठला. फुनाफुटीत एका घराला दिवसाला दोन बादल्या पाणी मिळू लागलं. समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडहून विमानाने आणावी लागली.

इकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात, पाऊस तुवालूच्या पावशेर असताना, केळी उभी आहे. केळीला वर्षभरात १,८०० ते २,००० मिलिमीटर पाणी लागतं. आभाळातून येतं त्याच्या अडीचपट. मग बाकीचं येतं कुठून? पायाखालून. तापीने आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षं आणून टाकलेला गाळ इथे शेकडो फूट जाडीचा आहे. त्या गाळाच्या वाळू-गोट्यांच्या थरांत पाणी साठतं. तुवालूकडे पाऊस आहे, साठा नाही. आपल्याकडे पाऊस बेताचा, साठा मोठा. एखाद्या प्रदेशाच्या पर्यावरणाची तब्येत बघायची तर आधी साठा बघावा, असं मला ठामपणे वाटतं. नुसत्या पावसाच्या किंवा नुसत्या धुराच्या आकड्यावरून काही कळत नाही.

तुवालूची जमीन जेमतेम २६ चौरस किलोमीटर आणि माणसं अकरा हजारांच्या आसपास. प्रवाळाची नऊ मुख्य बेटं, जमीन समुद्रापासून सरासरी दोनेक मीटर उंच. नदी एकही नाही. फुनाफुटीचं मुख्य बेट बारा किलोमीटर लांब आहे, पण रुंदी काही ठिकाणी इतकी कमी की रस्त्याच्या एका अंगाला महासागर आणि दुसऱ्या अंगाला खाजण. अशा बेटाच्या पोटात गोडं पाणी टिकतं तरी कसं?

ताकावर लोण्याचा गोळा तरंगतो, तसं ते टिकतं. पावसाचं पाणी सच्छिद्र प्रवाळात मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. या अडीच टक्क्यांतून एक हिशेब निघतो. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जेवढी, त्याच्या साधारण चाळीसपट गोडं पाणी सपाटीखाली असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन गायबेन या डच अभियंत्याने आणि पुढे जर्मनीच्या हर्झबर्गने हे स्वतंत्रपणे मांडलं. पण हाच हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू पाहतं. विहीर आटायच्या आधीच ती खारट होते.

तुवालूतली माणसं हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. त्यांचं जुनं पीक म्हणजे पुलाका, आपल्या अळूचाच एक थोराड भाऊबंद. ते लावण्यासाठी प्रवाळाच्या जमिनीत खड्डा खणत जातात, थेट गोड्या पाण्याचा थर लागेपर्यंत. खड्ड्याच्या तळाशी झाडांचा पाला कुजवून माती तयार करायची, कारण बेटावर माती अशी नाहीच. मुळं त्या गोड्या थरात आणि पानं वर. असा खड्डा एकदा खारावला की पानं पिवळी पडतात, कंद सडतो, आणि पाऊस येऊन मीठ धुऊन नेईपर्यंत वाट बघण्यापलीकडे हातात काही उरत नाही. मार्च २०१५ मध्ये पॅम नावाचं चक्रीवादळ तुवालूवरून गेलंही नाही, ते खूप दूर होतं. पण त्याच्या लाटा बेटांवर चढल्या आणि समुद्राचं पाणी शेतात घुसलं.

‘तुवालू बुडतंय’ असं आपण बातम्यांत वाचतो. हे चित्र फार ढोबळ आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तुवालूच्या १०१ लहानमोठ्या बेटांची १९७१ ते २०१४ या काळातली हवाई आणि उपग्रह छायाचित्रं ताडून पाहिली, तेव्हा एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. लाटा प्रवाळाचा चुरा आणून टाकतात, बेटं सरकतात, आकार बदलतात. ऑक्टोबर १९७२ च्या बेबे वादळाने तर फुनाफुटीच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा १९ किलोमीटर लांबीचा बांध एका झटक्यात उभा केला होता. म्हणजे जमीन शिल्लक राहील, पण तिच्या पोटातलं गोडं पाणी राहीलच असं नाही. तिथे समुद्राची पातळी गेल्या तीस वर्षांत साधारण १५ सेंटिमीटर वर गेली आहे. बेट नकाशावर असेल आणि प्यायला पाणी नसेल, हा खरा धोका आहे.

हे झालं छोट्या देशाचं टोक. आता दुसरं टोक, मोठ्या देशाचं. चीन जगातला निम्म्याहून अधिक कोळसा जाळतो आणि जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे तीस टक्के एकटा सोडतो. जानेवारी २०१३ मध्ये बीजिंगच्या हवेत पीएम २.५ हे बारीक कण घनमीटरला ७०० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले होते. त्या वर्षाची सरासरी होती सुमारे ९०. २०२३ सालची सरासरी ३२. दहा वर्षांत एवढी उतरंड हे मोठंच काम आहे, ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. शहरातले कोळशाचे बॉयलर बंद केले, शेवटचं मोठं कोळसा वीज केंद्र मार्च २०१७ मध्ये थांबवलं, जुना पोलादाचा कारखाना त्याआधीच शेजारच्या हबेई प्रांतात समुद्रकाठी हलवला. कारखाना हलवला, वीज बाहेरून आणली. पाण्याचंही तसंच. बीजिंगखालची भूजल पातळी २०१५ पर्यंत सुमारे २६ मीटर खोल गेली होती. डिसेंबर २०१४ मध्ये १,४३२ किलोमीटर लांबीच्या कालव्याने दक्षिणेतल्या दानजियांगकोउ जलाशयाचं पाणी शहरात पोचलं. त्यासाठी तीन लाखांहून अधिक माणसं उठवावी लागली. उपसा कमी झाला आणि जमिनीखालची पातळी पुन्हा वर चढू लागली.

मोठ्या देशाजवळ कायम एक ‘दुसरीकडे’ असतं. धूर दुसरीकडे, धरण दुसरीकडे, विस्थापित दुसरीकडचे. तुवालूला दुसरीकडे म्हणजे विमान, नाहीतर देश सोडणं. ऑस्ट्रेलियाशी झालेला त्यांचा करार २०२४ मध्ये लागू झाला, त्यानुसार दरवर्षी २८० जणांना तिथे जाऊन राहता येतं.

धूर आणि कार्बन डायऑक्साइड या दोन गोष्टी आपल्या बोलण्यात सतत एक होतात, तिथे जरा थांबायला हवं. चिमणीतून निघालेले बारीक कण काही दिवसांत पावसाबरोबर किंवा आपोआप खाली बसतात. त्यामुळे ज्याचा धूर, त्याचाच बहुतेक खोकला, आणि म्हणून लोक ओरडतात, सरकार हलतं. कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास. तो वर्षभरात साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो आणि त्याचा मोठा हिस्सा शतकानुशतकं राहतो. चीनच्या शान्शी प्रांतातल्या चिमणीतला असो की आपल्या दीपनगर वीज केंद्राच्या, फुनाफुटीच्या आभाळात तो सारखाच. कारखानदारीच्या आधी हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत २८० होतं, आज ४२० च्या पुढे आहे. त्याने अडवलेल्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्र पितो, तापून फुगतो, आणि पुलाकाच्या खड्ड्यात मीठ येतं. बीजिंगची हवा निवळली म्हणून हे थांबलेलं नाही.

आणखी एक धागा आपल्याला फार जवळचा आहे. २०११ चा तुवालूतला दुष्काळ ला निनामुळे होता. प्रशांत महासागराच्या मध्यभागचं पाणी गार पडलं की पावसाचे ढग पश्चिमेकडे सरकतात. तुवालू कोरडं राहतं आणि आपल्याकडे मात्र बहुधा मान्सून चांगला होतो. आपण ज्या वर्षी नद्या दुथडी पाहून सुखावतो, त्या वर्षी तिथे बादल्या मोजल्या जात असू शकतात.

मग खानदेश या दोन टोकांत कुठे बसतो? रावेर-यावलच्या कुठल्याही शिवारात बोअरचं मशीन लागलेलं बघा. आधी काळी माती, मग पिवळी चिकण, मग वाळू, मग गुळगुळीत गोटे, पुन्हा चिकण. प्रत्येक थराचा चुरा शेतकरी हातात घेऊन चोळून बघतो, कारण गोटे लागले तरच पाणी. शेजारी आजोबांनी बांधलेली विहीर कोरडी पडलेली असते. तिच्यातच आधी आडवे बोअर मारले गेले, मग उभे, मग मोटर थेट बोअरमध्ये गेली. दर दोन-चार वर्षांनी उन्हाळ्यात ‘आणखी दोन पाइप सोडले’ हे वाक्य ऐकू येतं. आपला उपसा बीजिंगसारखा आहे, पण मागे चौदाशे किलोमीटरचा कालवा नाही. आणि तुवालूसारखी धोक्याची खूणही नाही. तिथे पाणी जिभेला खारट लागतं आणि हात थांबतो. इथे शेवटच्या पाइपापर्यंत पाणी गोडच येतं. शेजारच्या वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तीच पूर्णा चांगदेवला तापीला मिळते. गाळ जाड आहे म्हणून पाणी आपोआप चांगलं, असं धरून चालता येत नाही, हे शेजारीच दिसतं.

आपल्याजवळ जे आहे ते तुवालूला नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी बझाडा म्हणतात तो गोटे-वाळूचा पट्टा आहे. सुकी, मोर, अनेर अशा नद्या डोंगर उतरताच त्यात पाणी मुरवत जातात. जमिनीतल्या साठ्याचं हे तोंड. तिथे वाहतं पाणी जितका वेळ रेंगाळेल तितकं खाली उतरेल. शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून, न मुरवणारा चिकणमातीचा थर भेदून, खालच्या मुरमाड थरांपर्यंत पाणी पोचवण्याचं काम केलं. त्यावर तज्ज्ञांचे आक्षेपही आहेत. खालच्या गावांचं पाणी अडतं का, बाष्पीभवन किती होतं, हे प्रश्न रास्त आहेत. पण पाणी कुठल्या थरात जातंय हे आधी बघायचं, ही दृष्टी मला पटते. तापीच्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने मे २०२५ मध्ये करार केला, तीही याच पट्ट्यावर बेतलेली आहे. ती होईल तेव्हा होईल. उपसा तोवर थांबणार नाही, आणि ठिबकने वाचलेलं पाणी वाढीव केळीलाच दिलं तर पातळीला त्याचा काही उपयोग नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. केळीचे भाव फैजपूर-सावद्यात रोज प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात. आपल्या शिवाराची मेची आणि ऑक्टोबरची पातळी मात्र गावात विचारली तर क्वचितच कोणी सांगू शकतं. ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मागच्या दहा वर्षांच्या आकड्यांसह, मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या केळीची, लागवड ठरायच्या आधी लागली पाहिजे. त्याला ना कालवा लागतो ना करार.