मोल मागणारी जादू

ऐतिहासिक अद्भुतकथेतील एक संकल्पना. मंत्र, सिद्धी किंवा दैवी वस्तू वापरली की काहीतरी द्यावे लागते, ही अट कथेच्या पायातच घातलेली असते. कधी आयुष्याची वर्षे जातात, कधी आठवण, कधी रक्ताचे माणूस, आणि शेवटी जीव. कुमारवयीन वाचकांसाठीच्या कादंबऱ्यांत ही अट चांगली रुळली आहे. फुकटच्या जादूत पेच उरत नाही. नायिकेने मंत्र म्हटला, वेढा उठला, पुस्तक संपले.

मराठीत ही कल्पना जुनीच आहे, फक्त शब्द निराळे. नवस हा उधारीचा व्यवहार : मागणे आधी, फेड नंतर, आणि फेड राहिली तर कोप. वराला अट असते, शापाला उःशाप. करणी तर ‘उलटते’. नवसात किंमत बोलणारा स्वतः ठरवतो. करणीत ती कितीची आणि कोणाच्या वाट्याची, हे उलटल्यावरच कळते. कादंबरीकाराला ही दुसरी तऱ्हा अधिक उपयोगी पडते.

सोलापूर परिसरात या संकल्पनेचा विचार सिद्धरामेश्वरांच्या आख्यानापासून सुरू करावा लागतो. सिद्धराम 12व्या शतकातले, बसवेश्वरांचे समकालीन शिवयोगी. सोलापूरचे जुने नाव सोन्नलगी. त्यांची वचने, म्हणजे छोटी गद्यकाव्ये, कन्नडात असून त्यांत ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही नाममुद्रा, म्हणजे सहीसारखी खूण, येते. आख्यान असे : एक कुंभारकन्या रोज त्यांच्या अंगणात सडासंमार्जन करी. लग्न करीन तर यांच्याशीच, असा तिने हट्ट धरला. योगी ब्रह्मचारी, त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. विवाह झाला आणि दुसऱ्या दिवशी ती अग्नीत गेली.

सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेत ही कथा दरवर्षी डोळ्यांसमोर घडते. आधी 68 लिंगांना तैलाभिषेक, म्हणजे यण्णीमज्जन. भोगीला तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. योगदंडाचे प्रतीक मानलेले सात नंदीध्वज येतात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते पेलतात, विवाहाची संमती वाचली जाते आणि ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’च्या गजरात अक्षता पडतात. संक्रांतीला होम. बाजरीच्या पेंढीला नवरीसारखे साडी-दागिन्यांनी सजवून होमकुंडात अग्नी देतात. ती पेंढी म्हणजे कुंभारकन्या. त्यानंतर देशमुखांच्या वासराच्या हालचालींवरून वर्षाची भाकणूक होते. लग्न, अग्नी आणि मग पुढच्या वर्षाचे ज्ञान : हा क्रम कोणा कथाकाराने जुळवला नसेल, पण कथाकाराने लक्षात ठेवावा असा आहे.

भाविक या दहनाकडे किंमत म्हणून पाहत नाहीत, त्यांच्या लेखी ते तादात्म्य आहे. अद्भुतकथेच्या दृष्टीने पाहिले तर मात्र एक गोष्ट खटकते. सिद्धी ज्याची, त्याला काही द्यावे लागत नाही. देते ती जवळ आलेली मुलगी. तिचे नावही या कथेत सहसा सांगितले जात नाही, ती जातीच्या नावानेच ओळखली जाते. तळ्याला पाणी लागेना म्हणून घरची धाकटी सून अर्पण करण्याची कन्नड कथागीतातली गोष्ट याच कुळातली. या संकल्पनेचा कस ‘किंमत किती’ यापेक्षा ‘किंमत कोण भरतो’ या प्रश्नावर लागतो. आजच्या कादंबऱ्यांत शक्ती वापरणारी आणि भरणारी एकच असते, ही सुधारणा खरी. पण त्यामुळे जुन्या कथेतला अन्याय नजरेआड होतो.

उलट बाजूही याच चरित्रात आहे. सिद्धरामांचे तळे मंत्राने अवतरले नाही, ते अनुयायांसह खोदले गेले. बसवेश्वरांच्या काळातले संतकवी अल्लमप्रभू आले तेव्हा त्यांनी या खोदकामावरूनच सिद्धरामांना हिणवले, मजूर चिडून दगड मारू लागले, असे सांगतात. पुढे अल्लमांनी त्यांना बसवेश्वरांच्या कल्याणला, आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणला, नेले. घामाने झालेल्या कामालाही प्रश्न विचारला गेला, हा प्रसंग कोणत्याही जादूच्या नियमावलीत बसत नाही.

कथेला काळ निवडायचा तर सोलापुरात तोटा नाही. तिथला भुईकोट किल्ला बहमनी काळापासूनचा. पुढे निजामशाही आणि आदिलशाही यांत त्यावरून झगडे झाले, आणि 16व्या शतकात तो निजामशाहीची राजकन्या चांदबीबी हिच्या आदिलशाही घराण्यातल्या लग्नात आंदण म्हणून ठरला. मुलीबरोबर किल्ला देणारा काळ आणि दंडाशी मुलीचे लग्न लावणारी कथा एकाच गावात आहेत.

वास्तवात मात्र या कल्पनेला कायद्याने लगाम घातला आहे. सतीप्रथेच्या गौरवीकरणाला 1987च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2013चा; नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर काही दिवसांत त्याचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने तो मंजूर केला. त्यामुळे मुलांसाठी लिहिणाऱ्याने कुंभारकन्येला चितेपर्यंत आणताना तिथे तिचे म्हणणे काय होते, हे लिहिणे भाग आहे. आख्यानात तिचा हट्ट आहे, सेवा आहे, दहन आहे. अग्नीपुढचे तिचे एकही वाक्य नाही.