हरितलवकाच्या घडणीमागचा इतिहास

पानाचा हिरवा रंग पेशीभर पसरलेला नसून सुट्या, ठळक कणांत, म्हणजे हरितलवकांत, साठलेला असतो, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो फॉन मोल यांनी १८३७ मध्ये तपशिलाने मांडले. उजेडात याच कणांमध्ये स्टार्च तयार होतो, हे १८६० च्या दशकात युलिउस साक्स यांनी दाखवले. कणांचे काम असे उलगडत गेले, तरी ते पेशीत येतात कोठून हा प्रश्न मागेच राहिला. पेशीद्रवातून ते गरजेप्रमाणे नव्याने घडत असावेत, असे मानणारे बरेच होते.

त्या समजाला धक्का दिला आंद्रेआस शिम्पर यांनी. रोपाच्या वाढत्या टोकाच्या कोवळ्या पेशींत असलेली बारीक, रंगहीन लवकेच (हरितलवक हे याच कणांचे हिरवे रूप) विभागून वाढतात आणि पानात पोहोचल्यावर हिरवी होतात, असे त्यांनी १८८३ मध्ये लिहिले. लवक लवकापासूनच येते, हा या विषयाचा पाया तेव्हा घातला गेला. वनस्पतीच्या अंडपेशीतही लवके नव्याने तयार होत नाहीत असे ठरले, तर वनस्पतीशी त्यांचे नाते सहजीवनाची आठवण करून देणारे ठरेल, ही सूचना त्यांनी केवळ तळटीपेत केली होती. सायनोबॅक्टेरियासारख्या जिवाणूंपासून लवके आली, हे आज सर्वमान्य असले तरी हरितलवकात स्वतःचा डीएनए असल्याचा भक्कम पुरावा मिळण्यास १९६२ साल उजाडावे लागले.

लवक वारशाने येते, पण प्रकाशसंश्लेषणाची क्षमता वारशाने तयार मिळत नाही. ती प्रत्येक पानात नव्याने कमवावी लागते. नवरात्रात देवघराच्या अंधुक कोपऱ्यात घटाभोवती उगवलेले धान पिवळसर राहते, यामागे हेच कारण आहे. अंधारात वाढलेल्या रोपाच्या लवकांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण सुरू झाले, तेव्हा त्यांच्या आत स्फटिकासारखी नेटकी जाळी आढळली. या अवस्थेतील लवकाला एटिओप्लास्ट म्हणतात. त्यात हरितद्रव्याचा पूर्वगामी रेणू, प्रोटोक्लोरोफिलाइड, एका विकराला (एन्झाइमला) चिकटून बसलेला असतो. सपुष्प वनस्पतींत हा विकर उजेड मिळाल्याशिवाय पुढची पायरी करत नाही. (पाइनच्या कुळातील अनेक रोपे मात्र अंधारातही हिरवी होतात, कारण त्यांच्याकडे उजेडावर न अवलंबणारा दुसरा विकरही असतो.) प्रकाश पडताच जाळी विस्कटते, तिच्यापासून थायलकॉइडचे चपटे पडदे तयार होतात, आणि काही तासांत त्यांच्या चळती रचल्या जातात.

गहू, मका यांसारख्या गवतवर्गीय पानांनी अभ्यासकांची मोठी सोय केली. असे पान बुडापासून वाढते, त्यामुळे बुडाशी अपक्व लवके आणि टोकाशी पूर्ण कार्यक्षम हरितलवके, असा सगळा विकासक्रम एकाच पात्यावर लांबीने मांडलेला सापडतो. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे रेचल लीच यांच्या गटाने या क्रमाचा १९७० च्या दशकात बारकाईने उपयोग केला. माझ्या मते या क्षेत्रातील हे सर्वांत साधे आणि सर्वांत फलदायी साधन होते.

याच दशकात दुसरी, अधिक अवघड बाजू पुढे आली. कर्बवायू बांधणाऱ्या रुबिस्को या प्रथिनाचा मोठा घटक हरितलवकाच्या जनुकावरून, तर छोटा घटक केंद्रकाच्या जनुकावरून बनतो. छोटा घटक आधी पेशीद्रवात लांबट पूर्वरूपात तयार होतो आणि पूर्ण झाल्यावर लवकात शिरतो, हे १९७८ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण जनुकसंच १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी उलगडला, तेव्हा सुमारे १ लाख ५५ हजार बेस जोड्यांच्या त्या वर्तुळाकार रेणूत गरजेच्या प्रथिनांचा अगदी छोटा हिस्सा आढळला. उरलेली हजारो प्रथिने केंद्रकाच्या हुकमाने येतात.

हा हुकूम एकतर्फी नसतो. उजेडाचा अंमल केंद्रकामार्फत कसा चालतो, हे १९८९ मध्ये जोॲन कोरी यांच्या गटाने अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपातील एका उत्परिवर्तनाने दाखवले: त्या रोपांना अंधारातही उजेडातल्यासारखी पाने फुटली, मात्र हरितद्रव्य तयार झाले नाही. १९९३ मध्ये त्याच गटाला अशी रोपे मिळाली, ज्यांत लवक बिघडले तरी केंद्रकातील प्रकाशसंश्लेषणाची जनुके बंद होत नव्हती. म्हणजे निरोगी रोपात लवकच केंद्रकाला आपल्या स्थितीचा निरोप देत असते. तो निरोप नेणारा रेणू नेमका कोणता, यावर संशोधकांचे अद्याप एकमत झालेले नाही.