कॅप्टन सालारिया आणि एलिझाबेथव्हिलचा तो चौक

दर ५ डिसेंबरला कॅप्टन गुरबचन सिंग सालारिया यांना आदरांजली वाहताना ‘काँगोविरुद्धच्या युद्धात वीरमरण’ असे सर्रास लिहिले जाते. काँगोशी आपले युद्ध नव्हतेच. भारतीय सैनिक तिथे गेले ते तो देश फुटू नये म्हणून, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत.

काँगो ३० जून १९६० रोजी बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि ११ जुलैला तिथले नेते मॉइझ त्शोम्बे यांनी खनिजसमृद्ध कटांगा प्रांत वेगळा झाल्याचे जाहीर केले. त्यांच्या सशस्त्र दलात परदेशी भाडोत्री सैनिकांचा भरणा होता. शांतिसेनेला सुरुवातीला स्वसंरक्षणापुरतेच शस्त्र उचलता येई. सुरक्षा परिषदेच्या २१ फेब्रुवारी १९६१ च्या ठरावाने यादवी रोखण्यासाठी, अगदी शेवटचा उपाय म्हणून, बळाचा वापर मान्य झाला. त्यानंतर भारताची ९९ वी पायदळ ब्रिगेड तिकडे गेली. २४ नोव्हेंबरच्या ठरावाने भाडोत्री सैनिकांना बळाने पकडण्याचीही मुभा मिळाली आणि कटांगात ठिणगी पडली.

५ डिसेंबर १९६१ रोजी कटांगाची राजधानी एलिझाबेथव्हिलमधील (आजचे लुबुम्बाशी) एका मोक्याच्या चौकात कटांगी सैनिकांनी रस्ता अडवला. तो मोकळा करायचे काम ३/१ गोरखा रायफल्सकडे (पहिल्या गोरखा रायफल्सची तिसरी पलटण) आले. एका कंपनीने समोरून हल्ला चढवायचा आणि सालारियांनी विमानतळाच्या बाजूने येऊन शत्रूची वाट तोडायची, असे ठरले. त्यांच्याबरोबर होते १६ गोरखा आणि दोन स्वीडिश चिलखती वाहने. दुपारी सव्वाच्या सुमारास, चौक सुमारे १,४०० मीटरवर असताना, उजवीकडच्या खंदकांतून अचानक गोळीबार सुरू झाला. समोर सुमारे ९० जण आणि दोन चिलखती गाड्या होत्या.

इथला त्यांचा निर्णय नीट समजून घ्यायला हवा. माघार घेतली असती, तर शत्रूची हीच तुकडी चौकातल्या कटांगी सैनिकांच्या मदतीला धावली असती आणि मुख्य हल्ला अडकला असता. म्हणून रॉकेट लाँचरच्या आधाराने संगिनी, खुकऱ्या आणि हातबॉम्ब घेऊन ते थेट तुटून पडले. परमवीर चक्राच्या सन्मानपत्रानुसार ४० शत्रुसैनिक ठार झाले, दोन्ही गाड्या निकामी झाल्या आणि उरलेले पळाले. मानेत गोळ्या लागूनही रक्तस्रावाने कोसळेपर्यंत सालारिया लढत राहिले. चौक मोकळा झाला. शहरातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाला पडू पाहणारा वेढाही टळला.

जन्म २९ नोव्हेंबर १९३५ चा, म्हणजे त्यांना २६ वर्षे पूर्ण होऊन सहाच दिवस झाले होते. शांतिसेनेतील कामगिरीसाठी परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव भारतीय, आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) छात्रांपैकी पहिले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यांचा अर्धपुतळा आहे. २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले. पलटणीच्या नावात मात्र अजून गोंधळ दिसतो. १९५७ मध्ये ते २/३ गोरखा रायफल्समध्ये दाखल झाले होते, पण काँगोत गेले ते ३/१ गोरखा रायफल्सचे अधिकारी म्हणून.