फुलपाखरू पानावर वाढते

परसातल्या कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या पानावर कधीकधी पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळपट-पांढरा ठिपका दिसतो. काडीने हलकेच डिवचले, तर त्या ठिपक्याच्या डोक्यामागून दोन टोकांचे शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. ती असते ‘कॉमन मॉर्मन’ या फुलपाखराची अळी. मोठी झाल्यावर हीच अळी पानासारखी हिरवी होते, दोन-चार दिवसांत अख्खी डहाळी फस्त करते आणि घरातील माणसांच्या शिव्या खाते. त्याच अंगणात पुढे काळेभोर पंख फडफडू लागले की त्यांचे कौतुक होते. पण कौतुकाचा आणि शिव्यांचा धनी एकच आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मराठीने या कीटकाच्या नावातच फूल गुंफले. कोकणीतल्या ‘पिसोळें’ या शब्दात फूल नाही, आणि जीवशास्त्राच्या दृष्टीने तेच अधिक योग्य म्हणावे लागेल. फुलातील मकरंद म्हणजे प्रौढ फुलपाखराचे उडण्यापुरते इंधन. त्याचे शरीर घडते ते अळीने खाल्लेल्या पानांतून, आणि ही पाने वाटेल त्या झाडाची चालत नाहीत. आंबा आणि काजू यांच्या पानांवर ‘कॉमन बॅरन’ची अळी वाढते; तिच्या अंगावरचे पिसासारखे हिरवे काटे आणि पाठीवरची फिकट रेघ अशी काही बेतलेली असते की पानाच्या मधल्या शिरेवर ती पहुडली तर शोधूनही सापडू नये. सोनचाफ्यावर आणि सीताफळावर ‘टेल्ड जे’, माडाच्या झावळ्यांवर ‘पामफ्लाय’, रुईवर ‘प्लेन टायगर’ अशी ही वाटणी लाखो वर्षांत ठरत गेली आहे.

योग्य झाड ओळखण्याचे काम मादीचे. ती पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी त्यावर भराभर ठोके मारते. तिच्या पायांवर चव ओळखणारी संवेदनाग्रे असतात. ठोक्यांनी पानाचा पृष्ठभाग किंचित खरवडला जाऊन त्यातली रसायने त्यांना लागतात, आणि पान पसंत पडले तरच ती अंडे घालते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी बहुतेक वेळा आधी अंड्याचे कवच खाते आणि मग पानाकडे वळते. पुढे साधारणपणे चार वेळा कात टाकत ती वाढते. काही जातींत या काळात तिचे वजन हजारपटीहूनही अधिक वाढते.

कोषात गेल्यावर अळीचे बरेचसे अवयव विरघळतात आणि तिच्या शरीरात आधीपासून सुप्त असलेल्या पेशींच्या पुंजक्यांतून पंख, पाय, सोंड व संयुक्त डोळे आकार घेतात. तरीही जुने सारेच पुसले जात नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वासाबरोबर विजेचा सौम्य धक्का देण्यात आला होता. कोषातून बाहेर पडलेले पतंगही तो वास टाळत असल्याचे आढळले. कोषातून निघालेल्या फुलपाखराची सोंडसुद्धा आयती नसते. ती दोन अर्ध्या नळ्यांची असते आणि पंख वाळत असताना, मकरंदाचा पहिला घोट घेण्याआधी, ते दोन भाग त्याला एकमेकांत बसवावे लागतात.

पानातून अन्नाबरोबर विषही मिळते. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. प्लेन टायगर ती काही प्रमाणात शरीरात साठवते आणि पक्ष्यांना नकोसे होते. सापसंदाच्या वेलीवर वाढणाऱ्या ‘कॉमन रोझ’चे संरक्षणही असेच वेलीतील विषारी आम्लातून येते. कढीपत्त्यावर वाढलेल्या कॉमन मॉर्मनपाशी असे विष नाही. मग तिच्या काही माद्या कॉमन रोझसारखे लाल-पांढरे ठिपके अंगावर घेऊन हिंडतात, म्हणजे चव कढीपत्त्याची आणि वेष सापसंदावर वाढलेल्याचा. नर मात्र आपल्या साध्या काळ्या रूपातच राहतात. माद्यांचा हा वेष ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांवर अवलंबून असतो, हे २०१४ साली भारतीय शास्त्रज्ञाचा सहभाग असलेल्या संशोधनातून पुढे आले. भातशेतीच्या बांधावर संध्याकाळी उडणारे ‘इव्हिनिंग ब्राऊन’ तर ऋतूप्रमाणे वेष बदलते: पावसाळी पिढीच्या पंखांवर ठसठशीत डोळे असतात, उन्हाळी पिढीचे पंख बंद केल्यावर सुक्या पानासारखे दिसतात.

निसर्गातील फुलपाखरांच्या कामाचा विषय निघाला की परागीभवनाचे नाव आधी येते. ते खोटे नाही, पण त्या कामात मधमाशी पुष्कळ सरस आहे. लांब पायांवर उभे राहून लांब सोंडेने मकरंद पिणाऱ्या फुलपाखराच्या अंगाला पराग कमीच लागतात. माझ्या मते त्यांचे मोठे काम अळीच्या अवस्थेतच होते. पानांतील ऊर्जा मांसाच्या रूपाने पक्ष्यांच्या पिल्लांपर्यंत पोहोचवणाऱ्या कीटकांत या अळ्याही येतात. गांधीलमाशीच्या कुळातील बारीक कीटक फुलपाखरांच्या अंड्यांत आणि अळ्यांच्या शरीरांत आपली अंडी घालतात. आंब्यावर माजणाऱ्या बांडगुळाची पाने ‘कॉमन जेझबेल’च्या अळ्या घोळक्याने खातात. ‘एपफ्लाय’ची अळी तर पान सोडून चक्क पिठ्या ढेकूण खाते, आणि बागायतदाराने तिला शत्रू मानण्याचे काही कारण नाही.

यावरून बागेचे गणितही बदलते. घाणेरीच्या झुडपावर फुलपाखरांची गर्दी होते, पण ती परदेशी वनस्पती असल्याने आपल्या बहुतेक जातींच्या अळ्यांना तिची पाने चालत नाहीत. खाणावळ भरलेली, पण पाळणाघर रिकामे. पंखांचा विस्तार १४ ते १९ सेंटिमीटर भरणारे, काळे-पिवळे ‘सदर्न बर्डविंग’ हे पश्चिम घाटातील सर्वांत मोठे फुलपाखरू. गोव्याच्या रानात आणि रानालगतच्या कुळागरांत (बागायतींत) ते माडा-पोफळींच्या उंचीवरून संथ उडताना दिसते. त्याच्या अळीचे अन्न मात्र सापसंद आणि तिच्या कुळातील मोजक्या वनस्पती एवढेच, आणि कुंपणावर चढलेली ही वेल बेणणीच्या वेळी इतर तणांबरोबर सहज कापली जाते. जमिनीतले जून मूळ तेवढे राहिले, तर पावसाच्या पहिल्या सरींनंतर त्याला पुन्हा कोवळे पान फुटते, आणि नुकत्याच जन्मलेल्या अळीच्या जबड्यांना असेच कोवळे पान चावता येते.