पुतळा, मारबत आणि गोवारी स्मारक: नागपूरच्या चौकांची पार्श्वभूमी

नागपुरात नव्या पुतळ्याची मागणी पुढे आली की वाद ‘यांचाच का, त्यांचा का नाही’ इथेच अडकतो. भर रस्त्यात एका व्यक्तीचा पुतळा उभारावाच का, हा मूळ प्रश्न बाजूला राहतो. या शहराने मात्र त्याची वेगवेगळी उत्तरं देऊन ठेवली आहेत.

पूर्वी आपल्याकडे गेलेल्या माणसाची आठवण वीरगळ, समाधी किंवा छत्रीच्या रूपाने राखत. चौकात हुबेहूब माणूस उभा करायची रीत रुजली ती इंग्रजी अमलात. स्वातंत्र्यानंतर तीच रीत आपण आपल्या माणसांसाठी चालवली: व्हेरायटी चौकात गांधीजी, झाशी राणी चौकात लक्ष्मीबाई, संविधान चौकात बाबासाहेब.

जुन्या नागपुरातल्या इतवारीतल्या लोकांची तऱ्हा निराळी. ते मारबत, म्हणजे मिरवून जाळायचा मोठा पुतळा, काढतात. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि रंग. सोबत त्या-त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर होतो आणि सगळं नेऊन जाळतात. काळी मारबत म्हणजे नागपूरच्या भोसले राजघराण्यातली राणी बांकाबाई, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि १८५७ मध्ये बांकाबाईंनी इंग्रजांची बाजू घेतली, त्याचा हा राग. पण तेव्हा त्या उतारवयात होत्या आणि घराण्याच्या दत्तकाला मान्यता मिळावी म्हणून धडपडत होत्या. एक अख्खं राज्य बुडाल्याचं खापर एका बाईच्या माथी दर वर्षी फोडणं मला अन्यायाचं वाटतं. पुतळ्यातही हेच होतं, फक्त उलट्या बाजूने: हजारोंनी केलेलं काम एकाच्या नावावर जमा होतं.

दीक्षाभूमीचं तसं झालं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह तिथे बौद्ध धम्म स्वीकारला. सांचीच्या धर्तीवरचा स्तूप खुला झाला २००१ मध्ये, पण लोक त्याच्या कितीतरी आधीपासून दर वर्षी येत होते. तिथे आठवण आहे ती घटनेची, आणि त्यात आलेल्या प्रत्येक घराचा वाटा आहे.

माझ्या लेखी सर्वांत मोलाचं ते झिरो माइलजवळचं गोवारी शहीद स्मारक. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला होता. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, त्यांत बायका आणि लेकरं फार. हे स्मारक कुणा एका पुढाऱ्याचं नाही. दर २३ नोव्हेंबरला समाज तिथे श्रद्धांजलीला जमतो. सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही त्याच शहिदांचं नाव आहे.

१८ जानेवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ अशा जागी नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा अंतरिम आदेश राज्यांना दिला. आपल्या राज्यात पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मंजुरीही लागते. चेहरा बरोबर उतरला का, हे तिथे पाहतात, ते योग्यच. त्याच अर्जात आणखी एक रकाना हवा: या जागेवर त्या व्यक्तीने काय केलं, आणि तेव्हा तिच्यासोबत कोण-कोण होतं.