कॅसेटच्या लांबीत बसवलेला प्रेमपट

जुना प्रेमपट घरी लावला आणि आठवणीतलं कडवंच सापडलं नाही, किंवा नायिका बोलतेय आणि समोरचा नायक पडद्यावर नाहीच, तर दोष दर वेळी दिग्दर्शकाचा नसतो. ती प्रत कुठल्या कुठल्या यंत्रांतून आली, ते आधी बघावं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी. टीव्हीच्या काचेची रुंदी आणि उंची ४:३ प्रमाणात, म्हणजे १.३३:१. पन्नासच्या दशकातले बहुतेक चित्रपट साधारण १.३७:१ चौकटीतले असल्याने ते जवळजवळ अख्खे दिसत. घोळ झाला सिनेमास्कोपमुळे. 'कागज के फूल'पासून (१९५९) ही लांबरुंद चौकट हिंदीत आली. २.३५:१चं चित्र टीव्हीच्या उंचीभर बसवलं की रुंदीतला सुमारे ४३ टक्के भाग जातो. रुसव्याच्या प्रसंगात दोघं पडद्याच्या दोन टोकांना असतात, कारण दाखवायचा असतो तो मधला दुरावा. घरी मात्र नायिका कुणाच्या तरी खांद्याशी बोलताना दिसायची.

व्हीएचएस, म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅसेटची पद्धत, १९७६मध्ये जपानमध्ये निघाली. आपल्याकडे १९८२च्या एशियाडसोबत रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर, म्हणजे ही कॅसेट चालवणारं यंत्र, गल्लोगल्ली पोचला. शनिवारी रात्री तो भाड्याने आणायचा, वर तीन-चार कॅसेटी, आणि पहाटेपर्यंत उरकायच्या. सगळ्यात जास्त खपणारी ई-१८० कॅसेट नेमकी तीन तासांची. त्यात एक सोय आपोआप व्हायची. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सची आणि आपल्या टीव्हीची पॅल पद्धत २५ची, त्यामुळे पिक्चर जरा वेगाने पळे आणि तीन तासांचा १७२ मिनिटं ४८ सेकंदांत संपे. मात्र गाण्याची पट्टी चढायची. काळी एकचं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळायचं. पेटी घेऊन साथ करू पाहणाऱ्याची पंचाईत. पिक्चर याहून लांब असेल तर कात्री लागे, आणि ती बहुधा गाण्यालाच, कारण गाणं काढून कथा अडत नाही. प्रेमपटाचं जास्त नुकसान झालं ते यामुळे.

कॅसेट झिजायचीही आवडत्या जागीच. पॉज दाबला की टेप थांबते, पण टेप वाचणाऱ्या हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरतच राहतो आणि तेवढाच तुकडा घासत राहतो. त्यातून पावसाळ्यात टेपला बुरशी. ती हेडला चिकटली की पडद्यावर मुंग्या. मग कोरी नोट पाण्याने ओली करून हेड पुसण्याचा घरगुती उपाय व्हायचा. खरी रीत अशी: शॅमॉय (मऊ चामडं) लावलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ड्रमला आडवी, न हलवता टेकवायची आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली पुसलं की हेडचं टोक तुटतं.

चोरट्या कॅसेटींना आळा घालायला १९८४मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. १९९४मध्ये 'हम आपके हैं कौन..!'च्या निर्मात्यांनी व्हिडिओ हक्कच रोखून धरले आणि कुटुंबंच्या कुटुंबं पुन्हा थिएटरकडे वळली. हा डाव चांगला होता.

पुढची व्हीसीडी, म्हणजे पिक्चरची सीडी: ३५२ × २८८ ठिपके आणि डिस्कला ७४ मिनिटं. तीन तासांना तीन डिस्का; दोनमध्ये कोंबायचं तर पुन्हा गाण्यांवर गदा. पावसातलं गाणं लागलं की चौकोनी ठोकळेच दिसत, कारण प्रत्येक थेंब हलतो आणि सेकंदाला १.१५ मेगाबिटमध्ये ते मावत नाही.

२०१६मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं, आज बहुतेक प्रेमपट फोनवर सापडतात. कात्री आता उलट्या बाजूने चालते. १.३७:१चा कृष्णधवल पिक्चर १६:९ टीव्हीवर 'झूम' केला की उंचीतला सुमारे २३ टक्के भाग जातो, म्हणजे डोक्यावरचा गजरा आणि हनुवटीखालचा हात. 'वाइड' केलं तर चेहरे फुगतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. 'मोशन स्मूदिंग' (टीव्ही मध्ये जादा फ्रेम्स घालून हालचाल गुळगुळीत करतो ती सोय) बंद करावं, नाहीतर मधुबालाही मालिकेतली वाटते. संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणी दणदणीत असतील तर आवाज ५.१ऐवजी (सहा स्पीकरांची मांडणी) स्टीरिओवर, म्हणजे दोनवर, न्यावा.

प्रत कापलेली आहे का, हे सुरुवातीच्या नामावलीत कळतं. नावांची पहिली-शेवटची अक्षरं कडेला तुटत असतील तर बाजू गेल्या. वरची ओळ अर्धी दिसत असेल तर डोकी जाणार.